कोरीटच्या पोरी

आमच्या घरात अंडं येत नाही. आजोबांच्या वेळी नव्हतं, वडिलांच्या वेळी नव्हतं, माझ्याही वेळी नाही. म्हणून त्या फेब्रुवारीतल्या सकाळी पुढच्या खोलीत एकदम एकशे बारा अंडी निघाली, तेव्हा मी ती दोनदा मोजली. दोन्ही वेळा एकशे बाराच भरली.

अंडी माशांच्या काचपेटीच्या आतल्या बाजूला चिकटलेली होती. साबुदाण्यापेक्षा लहान, मोहरीपेक्षा मोठी, दुधाळ. घातली होती कोरींनी.

कोरी म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ या शब्दातून झाला. कोरी हा लहान मिशाळ मासा. तो पेटीच्या तळाशी फिरतो, तोंडाजवळच्या मिशांनी वाळू चाचपतो आणि वरच्या माशांनी सांडलेलं खातो. त्याचं पूर्ण नाव लांबलचक आणि परदेशी आहे, पण नंदुरबारच्या दुकानदारानं पिशवीला गाठ मारताना एवढंच म्हटलं, "घ्या, सहा कोरी. काच-तळ साफ ठेवतील." मी लोणखेड्याला राहतो. पेटी बदली झालेल्या एका साहेबांकडून घेतलेली. तिच्यात त्रेसष्ट लिटर पाणी मावतं. हे मी बादलीनं मोजून भरलंय, त्यामुळे खात्रीनं सांगू शकतो.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आहे. उसाची गाडी भरलेली आली की वजन, रिकामी गेली की वजन, वजाबाकी, सही. सव्वीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तसाच वागतो. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरात प्रमाण मराठी ती बोलते, अहिराणी आई बोलते, आणि मी ऐकतो दोन्ही, बोलतो बायकोसारखी. दोन्ही मुलं शिकायला बाहेरगावी. म्हणजे घरात माणसं तीन आणि मासे चौदा.

कोरी आणले त्या संध्याकाळी आईनं विचारलं, "कोठला शेतस ह्या मासा?"

"नंदुरबारहून आणले. कोरी म्हणतात यांना."

"कोरी?" आई पेटीजवळ गेली. "मंग कोरीटनाच व्हतीन."

कोरीट हे आईचं माहेर, नंदुरबार तालुक्यातलं. मी लगेच चूक दुरुस्त केली. म्हटलं, "आई, कोरीटचा काही संबंध नाही. हे मूळचे दक्षिण अमेरिकेतले."

"तू जाई उना का तठे?"

"नाही."

"मी कोरीटमा अठरा वरीस काढात." आईनं काचेवर बोट टेकवलं. "आनि ह्यास्न्या मिशा देख. मन्हा भाऊन्या मिशा."

मामांच्या मिशा खरोखरच तशाच आहेत, दोन्ही बाजूंनी खाली उतरलेल्या. तेव्हापासून घरात कोरी हे कोरीटचे झाले, आणि आईच्या लेखी त्या सहाही पोरी होत्या. त्यातले नर किती, माद्या किती, हे मी सांगायचा प्रयत्न केला, पण तिनं माशी वारावी तसा हात हलवला.

नंतर जानेवारीत आई अंगणात धुण्याच्या दगडाजवळ घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय चौऱ्याहत्तर. नंदुरबारला ऑपरेशन झालं, आत सळई बसली, बारा दिवसांनी घरी आणलं. खाट पुढच्या खोलीत टाकली. व्यायाम शिकवायला एक मुलगी आठवड्यातून एकदा येऊ लागली. तिनं चार पायांचा चालायचा आधार आणला. आईनं त्याच दिवशी त्याचं नाव घोडी ठेवलं आणि तिच्यावर स्वार व्हायला साफ नकार दिला.

"रोज थोडं थोडं चाला आजी," मुलगी म्हणाली. "दिवसाला तीनशे पावलं सलग आठ दिवस झाली की तुम्हाला गाडीत बसून कुठंही जाता येईल. त्याआधी नाही."

"ह्या घोडीवर बठीसन कथा जाऊ? मोरीलगून आनि परत?"

"आखाजीला जायचंय ना?" मी म्हटलं.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात त्या सणाला लेकी माहेरी जातात, मग त्या अठराच्या असोत की ऐंशीच्या. कडुलिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि तेवढे दिवस त्यांना कुणी ऊठ म्हणत नाही. आईच्या लग्नाला छप्पन्न वर्षं झाली. त्यात आखाजीला कोरीट फक्त दोनदा चुकलं. एकदा माझ्या जन्मामुळे, आणि एकदा टाळेबंदीत, म्हणजे सगळ्या देशामुळे. आखाजीला दहा आठवडे उरले होते आणि ती मोरीपर्यंत बायकोच्या खांद्यावर भार टाकून जायची. दिवसाला पावलं जेमतेम तीस. बाकी वेळ छताकडे पाहत पडलेली.

"यंदा ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. एवढंच. एरवी जी बाई भाजीवाल्याशी अर्धा तास वाद घालते, तिचं ते 'ऱ्हाऊ दे' ऐकून बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

अंडी निघाली ती याच दिवसांत, आणि त्यात माझी हुशारी काही नव्हती. पेटीतलं पाणी बदलताना नवं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं असतं, म्हणजे दोन्हींचं तापमान सारखं होतं. आईच्या गडबडीत मी ते विसरलो आणि गच्चीवरच्या टाकीतलं सकाळचं गारढोण पाणी तीन बादल्या थेट ओतलं. मासे मेले असते तर दोष माझा असता. पण कोरींना म्हणे गार पाणी अंगावर आलं की पावसाळा आला असं वाटतं आणि त्या अंडी घालतात. हे मला नंतर मोबाइलवर वाचून कळलं.

"एकशे बारा," मी मोठ्यानं म्हटलं.

"काय एकशे बारा?" आई खाटेवरून.

"कोरींनी अंडी घातली."

खाटेवर हालचाल झाली. "कोरीटन्या पोरी बाळंत व्हयन्यात? मन्हा घर?"

"बाळंत नाही, अंडी..."

"माहेरनी पोर दारशे उनी आनि मी खाटवर पडेल शे!" आईनं पदर डोक्यावर घेतला. "आन ती घोडी."

मी घोडी आणली. खाटेपासून पेटीपर्यंत माझी सहा पावलं आहेत. आईची चौदा झाली. ती पोचली तेव्हा धापा टाकत होती, पण पोचली. काचेला नाक लावून तिनं बराच वेळ पाहिलं. तेवढ्यात एक कोरी आली आणि तिनं स्वतःचंच एक अंडं गिळलं.

"ओ माय!" आई म्हणाली. "आते काय पाहत ऱ्हायना? काढ त्या बाहेर!"

अंडी बोटानं अलगद सोडवून वेगळ्या टबात ठेवायची असतात. ती चिकट असतात, आणि वाटतं त्यापेक्षा टणक. मी बारा लिटरचा पांढरा टब घेतला, त्यात पेटीतलंच पाणी, हवेची नळी आणि बुरशी न धरण्यासाठी निळ्या औषधाचे थेंब. तयारीला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात मोठ्यांनी सतरा खाल्ली. पंच्याण्णव टबात गेली. मी वहीत लिहिलं.

बायकोनं वही पाहिली. "माझ्या दोन बाळंतपणांना तुम्ही वही घातली नव्हती."

"तेव्हा दोनच होती," मी म्हटलं.

टब मी पेटीशेजारी, खाटेपासून तेवढ्याच अंतरावर ठेवला. खाटेजवळ ठेवणं सोपं होतं. बायको तसं म्हणालीही. मी म्हटलं, तिथं ऊन येतं. तिथं ऊन येत नाही.

आई त्या दिवशी चार खेपा चालली. चौदा जाताना, चौदा येताना, अठ्ठावीस गुणिले चार. एकशे बारा. अंड्यांचा आकडा आणि हा आकडा एकच निघाला, यात काही अर्थ नाही, पण मला बरं वाटलं. मी वहीत दुसरा रकाना आखला आणि त्याला नाव दिलं नाही.

एकतीस अंडी पांढरी पडली, ती चमच्यानं काढली. उरली चौसष्ट. चौथ्या दिवशी त्यातल्या अठ्ठावन्नांतून पिलं बाहेर आली. पिलू म्हणजे शेपूट फुटलेला स्वल्पविराम. पोटाला पिवळट थैली, त्यावर ते दोन दिवस निभावतं. नंतर त्याला खायला लागतं, तेही तोंडात मावेल इतकं बारीक आणि शक्यतो हलणारं. त्यासाठी मी एक बाटली उलटी टांगली, मिठाचं पाणी भरलं, हवा सोडली आणि त्यात दुकानातून आणलेली तपकिरी पूड टाकली. ही पूड म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या एका जीवाची अंडी. दीड दिवसात बाटलीत केशरी ढग फिरू लागला.

शेजारी मारवाडी कुटुंब आहे, त्यांचं बाजारात कापडाचं दुकान. त्यांच्यातल्या काकी आईजवळ रोज दुपारी येऊन बसतात. त्या दिवशी त्यांचं लक्ष बाटलीकडे गेलं.

"भाईसाब, ये क्या उबल रहा है?"

"उकळत नाही काकी, हवा सोडलीय. पिलांचं खाणं आहे."

"किस चीज का?"

खोटं बोलायचं मला जमत नाही. "बारीक जीव आहेत."

"जिंदा?"

"हो."

काकींनी पदर तोंडाला लावला. "कितने?"

"ते मोजता येत नाहीत."

"आप से भी नहीं?" काकी म्हणाल्या. आई खाटेवर इतकी हसली की खुबा दुखला.

त्यानंतर काकी आल्या की आधी पिलांच्या टबापाशी थांबून डोळे मिटून काहीतरी पुटपुटायच्या, मग बाटलीपाशी थांबून दुप्पट वेळ पुटपुटायच्या, आणि नंतर बाटलीकडे पाठ करून बसायच्या. पण यायच्या रोज. "आज कितने?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

त्यावर आई चिडायची. "मोजू नको रे. लेकरे मोजानं नही. नजर लागस." मी तिच्यासमोर मोजणं बंद केलं. टबाचा वरून फोटो काढायचो आणि कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बोटांनी फोटो ताणून ठिपके मोजायचो. काट्यावरच्या सोबत्याला वाटलं मी डोळे तपासतोय.

दहाव्या दिवशी चोपन्न. आईची पावलं दिवसाला एकशे अडुसष्ट, म्हणजे सहा खेपा. मी दोन्ही रकाने पुढे वाढवून पाहिले. आखाजीआधी गणित बसत होतं.

सतराव्या दिवशी कारखान्यातून आलो तर टबातलं पाणी ताकासारखं झालेलं. तळाशी पांढरा थर. हवेची नळी चालू होती, पण पिलं आडवी पडली होती. मी पाणी काढलं, नवं भरलं, पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. दोन तासांनी जिवंत मोजली. तेवीस.

थरात बोट घालून वास घेतला. भाकर. दादरची, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीची.

"आई, यात भाकर कुणी टाकली?"

"चिमूटभर तं टाकी. भुक्या व्हत्यात त्या. तुन्हं ते केशरी पानी, त्याना कोठे पोट भरस?"

"किती दिवस?"

"चार. पाच."

मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे आणि तो गुण आहे असं मी पन्नास वर्षं समजत आलो. मी म्हटलं, "चोपन्न होती. तेवीस उरली. तुझ्या भाकरीनं एकतीस मेली."

आईनं घोडी हातानं लांब ढकलली, कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी पावलं अठरा. मोरीपर्यंत, तेही बायकोनं ओढून नेलं म्हणून. तिसऱ्या दिवशी सोळा. "माले नही चालनं," एवढंच. काकी आल्या, त्यांनी आकडा विचारला नाही. व्यायामाची मुलगी आली, तिनं पाय हलवून पाहिला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "असे आठ दिवस गेले तर पाय आखडेल. मग आखाजीचं सोडा, अंगणाचंही अवघड."

बायको त्या संध्याकाळी कणीक मळताना म्हणाली, "तुमचा हिशेब बरोबर होता का पण?"

"म्हणजे?"

"एकतीसचा. सगळी भाकरीनंच मेली?"

हा प्रश्न मला कुणी विचारू नये. मी वही उघडली. पाणी रोज दोन लिटर बदलायचं, तसा रकाना होता. गाळप हंगामाचे शेवटचे दिवस होते, गाड्यांची रांग लागलेली, मी उशिरा यायचो. पंधराव्या दिवशी रकाना रिकामा. सोळाव्या दिवशीही. भाकर पाच दिवस पडत होती आणि पहिले तीन दिवस काही झालं नव्हतं, कारण मी पाणी बदलत होतो. मी थांबलो आणि पिलं मेली.

वही घेऊन मी खाटेशी गेलो. आई भिंतीकडेच पाहत होती.

"आई, माझा आकडा चुकला."

मी पाण्याचा रकाना उघडला.

"पाणी दोन दिवस बदललं नव्हतं. ते माझं काम. बदललं असतं तर तुझ्या भाकरीनं इतकं झालं नसतं."

भिंतीकडून आवाज आला, "मंग तुन्हीबी चूक शे."

"हो."

"कितली?"

"अर्धी. कदाचित अर्ध्याहून थोडी जास्त."

"लिखी का वहीमा?"

"लिहिली."

"दखाड."

आई चौथी शिकलेली आहे. अक्षरांशी तिची झटापट होते, पण आकडे तिला पक्के येतात. ती वळली, उशीखालचा चष्मा लावला आणि पानावरून बोट फिरवलं. पिलांचा रकाना, पाण्याचा रकाना, रिकाम्या दोन चौकटी. तिथं बोट थांबलं, तिनं माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग बोट पुढच्या, नाव नसलेल्या रकान्यावर गेलं. एकशे बारा, एकशे चाळीस, एकशे अडुसष्ट, अठरा, सोळा.

"ह्या काय?"

"तुझी पावलं."

"माले मोजी ऱ्हायना तू?" आई उठून बसली, कुणाच्या मदतीशिवाय. "मी काय ऊसनी गाडी शे का? भरीसन उनी, रिकामी गयी? लेकरेस्ले मोजू नको सांगं, तं मायलेच मोजाले लागना!"

स्वयंपाकघरातून बायकोचा हसण्याचा आवाज आला. आईचं बोलणं पुढं बरंच चाललं. त्यात माझा, माझ्या नोकरीचा आणि माझ्या वडिलांकडच्या चार पिढ्यांचा समाचार होता. तो इथं देत नाही. शेवटी तिनं वही माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "सोळा? लाज नही वाटस? उठाड माले."

त्या संध्याकाळी दोन खेपा झाल्या. छप्पन्न.

भाकरीबाबत करार झाला. पिलांना खाऊ आईच घालेल, पण मी मोजून दिलेला. मी औषधाच्या सात रिकाम्या बाटल्यांच्या झाकणांत माशांच्या खाद्याचा सात दिवसांचा चुरा भरून ठेवू लागलो. आईला ते अपमानास्पद वाटलं. "पोरी बाळंत व्हयन्यात आनि ह्यो झाकनभर देस," असं काकींना सांगायची. पण दिलेल्यापेक्षा जास्त तिनं टाकलं नाही. मी तळ तपासत होतो.

पिलांना महिन्यानं रूप आलं. अंगावर ठिपके, ओठांजवळ केसासारख्या मिशा. आईनं काकींना जवळ बोलावून मिशा दाखवल्या. "देखा. मन्हा भाऊ." काकींनी पाहिलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "हाँ, वही नाक है."

एप्रिल आला. आमच्याकडचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. घरात दुपारी एकोणचाळीस, टबात बत्तीस. कोरींना सत्तावीसच्या वर त्रास होतो. पिलं सारखी वर येऊन हवा घेऊ लागली. मी बर्फाची बाटली सोडली तर तापमान अर्ध्या तासात चार अंशांनी पडलं आणि बर्फ विरघळल्यावर पुन्हा चढलं. असा चढउतार वाईट. दोन दिवसांत दोन पिलं गेली. एकवीस. थंड हवेच्या तोरणमाळला बिऱ्हाड हलवावं असं मी बायकोला म्हटलं, आणि ती पहिल्यांदा खरंच घाबरली, कारण मी थट्टा फारशी करत नाही.

"ते बरफ काढ," आई म्हणाली. "परातमा वाळू भर. तीवर टब ठेव. भोवती गोणपाट गुंडाळ आनि वल्लं कर. माले विचारतास तं कधीच सांगतू. लोणी असंच ठेवत व्हतूत आम्ही."

मातीची मोठी परात, ओली वाळू, भोवती गोणपाट. दोन तासांनी टबात साडेसत्तावीस. मी तापमापक झटकून पुन्हा बुडवला. साडेसत्तावीस. आईनं माझ्याकडे पाहिलं.

गोणपाट वाळायला पंचावन्न मिनिटं लागायची. म्हणून दर तासाला कुणीतरी तांब्याभर पाणी शिंपडायला हवं होतं. मी आणि बायको दिवसा नसायचो. आई म्हणाली, "मी शे ना." सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, तासाला एक खेप. घोडीच्या दांडीला बायकोनं तांब्या अडकवायला आकडा बांधून दिला.

आठ ते सहा म्हणजे अकरा खेपा. अकरा गुणिले अठ्ठावीस. तीनशे आठ.

मी हे गणित केलं तेव्हा कुणाला सांगितलं नाही. रविवारी बायको टबाकडे पाहून म्हणाली, "अहो, शेतातली ठिबकची नळी एक मीटर आणून लावा की. थेंब थेंब पडत राहील, आईंना सारखं उठायला नको." बरोबर होतं तिचं. शेडमध्ये ठिबकच्या नळीची दोन वेटोळी पडलेली आहेत. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खाटेकडे, मग घोडीकडे.

"नाहीतरी ती नळी जुनी झालीय," ती म्हणाली.

"भोकं बुजलीत," मी म्हटलं. बुजलेली नव्हती. इतक्या वर्षांत मुद्दाम दिलेले चुकीचे तपशील दोनच, खाटेजवळचं ऊन आणि हा, आणि त्यांचीही नोंद इथं करतो आहे.

आठ दिवस तीनशे आठ. एके दिवशी तीनशे छत्तीस, कारण काकींना दाखवायला एक जादा खेप झाली. व्यायामाची मुलगी आली, आईला उभं केलं, वळवलं, बसवलं, आणि म्हणाली, "जा आजी. गाडीत पुढच्या सीटवर बसा, मध्ये एकदा उतरून पाय मोकळे करा."

मामांचा फोन आला. "आक्का, आखाजीले येशी ना?"

"येसू," आई म्हणाली. "पन एकली नही. पोरीबी येतीन."

"कोनत्या पोरी?"

"आपल्या. कोरीटन्या."

मी फोन घेईपर्यंत तिनं तो ठेवला होता. मग वाद झाला. मी म्हटलं, या उन्हात पिलं न्यायची नाहीत. आई म्हणाली, आखाजीला लेकी माहेरी जातात, या काय घरी बसून राहतील? मी प्राणवायू सांगितला, हिंदकळणं सांगितलं, तापमान सांगितलं. ती म्हणाली, "मन्हा मोडेल खुबा जाई ऱ्हायना. त्यास्ले काय व्हयनं?" शेवटी तोडगा निघाला. पिलं आता एकोणीस होती, दीड सेंटिमीटरची, चांगली तरतरीत. त्यातली सहा न्यायची, पाच लिटरच्या दुधाच्या किटलीत, भोवती ओलं गोणपाट, मित्राच्या वातानुकूलित गाडीतून. विहिरीत, हौदात, नदीत कुठंही सोडायची नाहीत, हे मी आईकडून कबूल करून घेतलं. परक्या मुलखातला मासा आपल्या पाण्यात सोडणं बरोबर नाही. "परका कोन?" आईनं विचारलं, पण कबूल केलं.

पहाटे निघालो. प्रकाशा गावी, तापीच्या पुलाच्या अलीकडे आई उतरली, घोडीवर वाकून एक चक्कर मारली, किटलीचं झाकण उघडून पाहिलं आणि पुन्हा बसली. कोरीटला पोचलो तेव्हा ऊन नुकतं तापत होतं. मामा ओट्यावर उभे होते. गल्लीत लिंबाला झोके बांधलेले. मामा धावत गाडीकडे यायला निघाले, तर आईनं हात वर करून थांबवलं.

"उभा ऱ्हाय तठेच. मी येस."

गाडीपासून ओट्यापर्यंत ती घोडीवर एकटी गेली. मी किटली घेऊन मागं. एकोणचाळीस पावलं. मोजली, पण मनात.

ओट्यावर टेकल्यावर तिनं मामांना किटलीत बघायला लावलं. मला धाकधूक होती. मामा शेतकरी माणूस, उगाच हो म्हणणाऱ्यातले नाहीत. त्यांनी वाकून पाहिलं. सहा पिलं तळाशी मिशा हलवत होती. मामांनी स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला. मग आईकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं.

"ह्या तं आमन्याच शेतस," ते म्हणाले. "कोठे व्हत्यात इतला दिन?"

मी तोंड उघडलं होतं. मिटलं.

पिलं लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत ठेवली, सावलीत, परातीतल्या वाळूवर. मी चुऱ्याची झाकणं आणि पाण्याचे कॅन मामांच्या स्वाधीन केले, कागदावर सूचना लिहिल्या. संध्याकाळी परत निघताना किटली उचलली तर आई म्हणाली, "ती काबरं?"

"पिलं न्यायचीत ना."

"माहेरले उनेल पोर त्याच दिन परत जास का? पाच दिन ऱ्हातीन. मन्हासंगे येतीन."

मी रिकामी किटली घेऊन घरी आलो. टबात तेरा. पुढची खोली एकदम मोठी वाटत होती. गोणपाट मीच ओलं केलं, खाटेपासून टबापर्यंत, सहा पावलं जाताना, सहा येताना. बायकोनं विचारलं, फोन करायचा का? मी म्हटलं, सणाचा दिवस आहे, त्यांना झोके असतील, गाणी असतील, आपण कशाला. ती म्हणाली, मग वही का उघडून बसलात?

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला फोन वाजला. मागं बायकांचं गाणं, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं, आणि त्यातून आई ओरडून बोलत होती.

"ऐकी ऱ्हायना का?"

"हो, बोल."

"मासा सहा. बठ्ठा जित्ता. पावले तीनशे चाळीस."

"आई, तू मोजलीस?"

"तुले झोप लागती का मंग?" ती म्हणाली. "लिखी ले."